जुनी कॉमिक्स ग्रेडिंगला पाठवावीत का?

लाख रुपयांचा अंक तज्ज्ञांकडून तपासून, दर्जा ठरवून घ्यावा (यालाच ग्रेडिंग म्हणतात) आणि शंभर रुपयांच्या अंकावर तपासणीचा खर्च करू नये, याबद्दल कुणाचं दुमत नाही. अडतं ते मधल्या अंकांपाशी. साधारण तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंत किंमत असलेली जुनी कॉमिक्स मुंबईत बऱ्याच घरांतल्या माळ्यांवर आणि कपाटांत आहेत. या वेळी निवडलेले प्रश्न त्याच अंकांबद्दलचे आहेत.

प्रश्न : वडिलांनी जमवलेली मार्व्हल आणि डीसीची साठेक इंग्रजी कॉमिक्स आमच्याकडे आहेत. सगळी १९६६ ते १९७८ या काळातली. दोन विक्रेत्यांनी एकेका अंकाची किंमत चार ते पंधरा हजार सांगितली. त्यातल्या एकाचं म्हणणं, सगळी सीजीसी कंपनीकडून ग्रेड करून घ्या, किंमत तिप्पट होईल. करावं का?
— वाचक, विलेपार्ले

उत्तर : सगळी मुळीच पाठवू नका. साठांमधून पाठवण्याजोगे फार तर चार-सहा अंक निघतील, आणि ते कोणते हे पैसे न खर्चता घरीच ठरवता येतं.

आधी ही सेवा नेमकं काय करते ते पाहू. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासते. अंक खरा आहे का, सगळी पानं जागेवर आहेत का, कुणी दुरुस्ती केली आहे का, हे पाहून ती ०.५ ते १० या मोजपट्टीवर ग्रेड देते आणि अंक कडक पारदर्शक डबीत बंद करते. या डबीलाच संग्राहक स्लॅब म्हणतात. लेबलचा रंग नीट वाचायला शिका. निळं लेबल म्हणजे दुरुस्ती न झालेली प्रत, जांभळं म्हणजे दुरुस्त केलेली. हिरव्या लेबलात एखादा मोठा दोष वेगळा नोंदवून बाकीच्या प्रतीला ग्रेड दिलेली असते. पिवळं लेबल कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेल्या सहीसाठी असतं. कागद किती पांढरा राहिला आहे तेही लेबलवर लिहिलेलं असतं. हेच काम करणारी सीबीसीएस ही दुसरी कंपनी आहे.

या सगळ्यातून घेणाऱ्याला खात्री मिळते, आणि जास्तीचे पैसे तो त्या खात्रीचेच मोजतो. म्हणून ग्रेडिंगचा खर्च तिथे वसूल होतो, जिथे घेणारा दूर आहे आणि प्रत हातात घेऊन पाहू शकत नाही. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फोर्टात समोरासमोर व्यवहार करणारा माणूस पानं उलटून, पिना बघून भाव करतो. त्याला लेबलची गरज कमी, आणि तो लेबलचे पैसेही कमीच देतो. ‘तिप्पट’ हा आकडा बहुतेक वेळा ९.४ किंवा ९.८ ग्रेडच्या स्लॅबची किंमत आणि आपल्या हातातल्या मध्यम प्रतीची किंमत शेजारी ठेवून काढलेला असतो. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वाचलेली, मुंबईच्या हवेत पन्नास वर्षं राहिलेली प्रत ९.४ येणं जवळजवळ अशक्य.

आता हिशेब. शुल्कं बदलत असतात आणि ती अंकाचं वय व किंमत यांवर ठरतात, म्हणून पुढचे आकडे फक्त पद्धत समजावी यासाठी आहेत. दहा अंकांचं एक पार्सल आणि डॉलर ९० रुपये धरा. तपासणीचे ४५, प्रेसिंगचे (अंक दाबून सपाट करण्याचे) २५ आणि हाताळणीचे ५ असे अंकामागे ७५ डॉलर, म्हणजे ६,७५० रुपये. जाण्याच्या कुरियरचा वाटा १,२००, परतीचा ८१०, विमा आणि परतताना सीमाशुल्क सोडवण्याचा खर्च मिळून ५४०. बेरीज ९,३०० रुपये. प्रेसिंग वगळलं तरी ७,०५०. स्लॅब ऑनलाइन विकला तर विक्री मंच १३ ते १५ टक्के कापून घेतो, तेही यात धरायचं.

समजा ५.० ग्रेडची प्रत उघडी, म्हणजे स्लॅबशिवाय, विकली तर १२,००० रुपये मिळतात आणि स्लॅबमध्ये १७,०००. चौदा टक्के कमिशन २,३८० आणि खर्च ९,३०० वजा जाता हातात ५,३२० उरतात. म्हणजे उघडी विकली असती तर ६,६८० रुपये जास्त मिळाले असते. आता हाच अंक ८.० स्थितीत आहे असं धरा. उघडा २५,०००, स्लॅबमध्ये ४५,०००. कमिशन आणि खर्च वजा जाऊन २९,४०० राहतात, फायदा ४,४००. पण तुम्ही ८.० समजलेली प्रत ७.० येऊन परतली आणि स्लॅब ३०,००० ला गेला, तर हातात १६,५०० येतात. उघडी विकण्यापेक्षा ८,५०० रुपये कमी. एका ग्रेडच्या चुकीनं फायद्याच्या जवळजवळ दुप्पट तोटा होतो, हे या हिशेबातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

म्हणून आमची कसोटी एकच आहे : तुमच्या प्रामाणिक अंदाजापेक्षा एक ग्रेड कमी आली तरी खर्च निघत असेल, तरच अंक पाठवा. किंमत पाहताना लोकांनी मागितलेले भाव बघू नका. ईबे या विक्री मंचावर ‘विकले गेलेले’ असा गाळणी-पर्याय (फिल्टर) आहे, तो लावून त्याच ग्रेडच्या निदान चार-पाच अलीकडच्या विक्री पाहा, स्लॅबच्या वेगळ्या आणि उघड्या प्रतींच्या वेगळ्या. सीजीसीच्या संकेतस्थळावर सेन्सस नावाची नोंद मोफत पाहता येते. एखाद्या अंकाच्या किती प्रती कोणत्या ग्रेडच्या निघाल्या ते तिथे कळतं. तुमच्या ग्रेडच्या वर हजारो प्रती असतील, तर तुमच्या स्लॅबसाठी कुणी थांबून राहिलेलं नाही.

या कसोटीतून सहसा तेच अंक पार पडतात, ज्यांत एखादं महत्त्वाचं पात्र पहिल्यांदा आलं आहे. १९७४ च्या फेब्रुवारीचा अमेझिंग स्पायडर-मॅन १२९ (पनिशर पहिल्यांदा) किंवा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा इन्क्रेडिबल हल्क १८१ (व्हॉल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण कथेत) असे अंक संग्रहात निघाले, तर ते बाजूला ठेवा आणि पुढचं उत्तर वाचून मग ठरवा. बाकीचे अंक चांगल्या पिशव्यांत घालून घरी ठेवणं किंवा उघडेच विकणं फायद्याचं.

आणि हे अंक वडिलांची आठवण म्हणून ठेवायचे असतील, तर स्लॅब करूच नका. डबीतला अंक पुन्हा उघडून वाचता येत नाही.

प्रश्न : घरच्या घरी ग्रेडचा अंदाज कसा घ्यायचा? आम्ही ‘चांगली प्रत’ म्हणतो त्याला विक्रेते ‘बरी’ म्हणतात.
— वाचक, ठाणे

उत्तर : विक्रेत्याचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. घरात जपलेली प्रत मालकाला नेहमीच दोन पायऱ्या वरची दिसते, म्हणून दोषांची लेखी यादी करायची आणि मग आकडा ठरवायचा.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती मोजे घालू नका, त्यात कागदाची धार कळत नाही आणि कोपरे दुमडतात. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरून त्यावर अंक ठेवा. आधी पानं मोजा. त्या काळातल्या नेहमीच्या अमेरिकन अंकात आतली ३२ पानं असतात, म्हणजे मधोमध दुमडलेले ८ ताव, आणि वर मुखपृष्ठाचा एक ताव. मधला ताव दोन्ही पिनांत घट्ट आहे का पाहा. तो सुटून हरवलेला असतो आणि गोष्ट वाचताना चटकन लक्षात येत नाही, कारण कधी कधी तिथे नुसत्या जाहिराती असतात.

मग कापलेल्या जागा शोधा. जाहिरातीतली कूपनं मुलं कापत असत. मार्व्हलच्या १९७४-७५ च्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून चिकटवायचा ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेला असे. हल्क १८१ मध्ये तो शॅना द शी-डेव्हिलचा आहे. स्टॅम्प कापलेला असेल तर मुखपृष्ठ कितीही चकचकीत असू द्या, एकतर हिरवं लेबल मिळतं किंवा अगदी खालची ग्रेड, आणि किंमत कोसळते. हा अंक विकत घेताना तर सगळ्यात आधी तेच पान उघडायचं.

त्यानंतर घडीची कड, म्हणजे पिना मारलेली बाजू. टेबललॅम्प बाजूला, जवळजवळ आडवा धरा. पिनांच्या आसपास बारीक आडव्या सुरकुत्या दिसतील. शाई तुटून पांढरी रेघ दिसत असेल, तर ती सुरकुती प्रेसिंगनं जाणार नाही. शाई शाबूत असेल तर बरीचशी बसू शकते. पिनांवर गंज आहे का, आणि तो कागदात उतरून तपकिरी डाग झाला आहे का, हे दोन वेगळे दोष आहेत. दुसरा जास्त वाईट. मुंबईत सापडणाऱ्या प्रतींना खाली ओढणारं मुख्य कारण तोच, आणि शिवाय पावसाळ्यातल्या ओलीनं पडलेले बारीक तपकिरी ठिपके.

शेवटी दुरुस्ती. मुखपृष्ठाची आतली बाजू उजेडात धरून कडेनं पाहा. काळ्या मार्करनं कडा रंगवलेल्या असतील तर शाई आत झिरपलेली दिसते. ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी अंधाऱ्या खोलीत वापरली, तर नंतर लावलेला नवा कागद बहुधा निळसर चमकतो, जुना वृत्तपत्री कागद मंद राहतो. कडा सरळ करण्यासाठी कापलेला अंक ओळखायचा तर दुसऱ्या प्रतीवर ठेवून माप घ्या. कापलेली कडा आतल्या पानांच्या तुलनेत फार ताजी, फिकट दिसते. रंग लावणं, कागद जोडणं, कडा कापणं या सगळ्याला सहसा जांभळं लेबल मिळतं. सेलोटेपला मात्र सीजीसी दुरुस्ती मानत नाही, दोष मानते. तो ग्रेड उतरवतो, लेबलचा रंग बदलत नाही.

आता आकडा. चकचकीत, सपाट, कणभर सुरकुत्या असलेली प्रत ८.०. कडेला झीज, एखादी छोटी घडी, पण चमक टिकलेली असेल तर ६.०. नीट वाचलेली, घड्या पडलेली, थोडी तिरकी झालेली, पण पूर्ण प्रत ४.०. पिनेपासून मुखपृष्ठ सुटलेलं, डाग, टेप, पण गोष्ट अखंड असेल तर २.० च्या आसपास. दुकानदाराचा छोटा तारखेचा शिक्का ग्रेड फारशी उतरवत नाही. पेननं लिहिलेलं नाव त्याहून जास्त उतरवतं.

ब्रिटनसाठी छापलेल्या मार्व्हलच्या प्रतींवर सेंटऐवजी पेन्समध्ये किंमत असते. ते नकली अंक नाहीत, त्याच छापखान्यात त्याच वेळी छापलेले आहेत. भाव बघताना मात्र पेन्सच्या प्रतीची पेन्सच्याच प्रतीशी तुलना करा.

प्रश्न : आमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत, वेताळ आणि मॅन्ड्रेकचे, शिवाय बहादूरचे काही. काही १९६० च्या दशकातले. त्यांचं ग्रेडिंग करून फायदा होईल का?
— वाचक, गिरगाव

उत्तर : पैशांच्या दृष्टीनं फार थोड्या अंकांना, आणि त्याचं कारण तुमच्या अंकांत नाही, बाजारात आहे. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीनं १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. मराठीत ते वाचलेले लोक आज ते शोधतात, मनापासून शोधतात, पण त्यांना गोष्ट हवी असते, अंक हाताळायचा असतो. अमेरिकन अंकासारखे ग्रेडप्रमाणे नोंदलेले शेकडो व्यवहार इथे नाहीत. त्यामुळे ६.० आणि ८.० यांतल्या फरकाचा भाव कुणी ठरवलेलाच नाही. ज्या बाजाराला ग्रेडची भाषा नाही, तिथे ग्रेडवर सात-आठ हजार घालणं म्हणजे अंकाच्या किमतीइतकाच खर्च अंकावर करणं.

अपवाद अगदी सुरुवातीच्या क्रमांकांचा. त्यांना परदेशातले फँटमचे (आपल्या वेताळाचे) संग्राहकही गिऱ्हाईक असतात, आणि अशा दूरच्या घेणाऱ्यासाठी स्लॅबचा उपयोग होतो. तेव्हाही मराठी प्रत पाठवण्याआधी सीजीसीला ईमेलनं मुखपृष्ठाचं आणि प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचं छायाचित्र पाठवून लेबलवर भाषा आणि क्रमांक कसा येईल ते लेखी विचारून घ्या. लेबलवर भाषेचा उल्लेख नसेल तर स्लॅबचा निम्मा उपयोग गेला.

इंद्रजालच्या प्रतींचे दोषही आपल्याकडचे खास आहेत. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी आठ-दहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा बांधलेला असे, आणि बांधणाऱ्यानं तिन्ही कडा कापून सारख्या केलेल्या असत. सुटा केलेला असा अंक ओळखायचा तर घडीजवळ सुईची भोकं शोधा. वाचनालयाचा जांभळा शिक्का पहिल्या पानावर आणि बहुधा मधल्या एखाद्या पानावरही असतो. घरी खळ लावून चिकटवलेल्या मुखपृष्ठांना कसर लागते, कारण खळ हेच तिचं खाद्य. कोड्यांची पानं पेन्सिलीनं सोडवलेली असतात. पेन्सिल खोडू नका, खोडरबरानं कागदाचा पृष्ठभाग उसवतो.

अलीकडे स्कॅन करून छापलेल्या नकला जुन्या म्हणून खपवल्या जातात. दहापट भिंग घ्या. जुन्या छपाईत रंग ठळक, नियमित ठिपक्यांच्या जाळीतून तयार होतो आणि काळी अक्षरं सलग असतात. घरगुती इंकजेटच्या छपाईत ठिपके विस्कटलेले दिसतात आणि अक्षरांच्या कडेलाही रंगीत कण असतात. पिना नव्या कोऱ्या आणि कागद पिवळा, असं दिसलं की थांबा.

पैशांचा हिशेब बाजूला ठेवून आमचं मत सांगायचं तर मराठी इंद्रजालची सगळ्यात मोठी गरज नोंदीची आहे. तुमच्याकडच्या प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना, किंमत, पानसंख्या आणि दोष एका वहीत लिहा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि प्रकाशनाचा तपशील यांची छायाचित्रं काढा. पुढे विकायचं ठरलं तर अशी नोंद असलेल्या संचाला सुट्या अंकांपेक्षा चांगला भाव मिळतो, आणि नाही विकलं तर संग्रह पुढच्या पिढीच्या हातात कळण्याजोगा जातो.

प्रश्न : अमर चित्रकथेचा जुना अंक पहिल्या छपाईचा आहे की नंतरचा, हे कसं ओळखावं?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालेचे अंक पुन्हापुन्हा छापले गेले आहेत, तेव्हा मुखपृष्ठावरून निर्णय करू नका. आत छापलेला प्रकाशकाचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. म्हणून ‘बॉम्बे ४०० ०…’ असा पत्ता असलेली छपाई त्यानंतरचीच. ‘बॉम्बे’नंतर नुसता एक-दोन आकडी टपाल विभागाचा क्रमांक असेल तर ती जुनी असण्याची शक्यता खूप वाढते. ‘मुंबई’ किंवा इंग्रजीत तसाच उल्लेख असेल तर छपाई १९९५ च्या नामांतरानंतरची धरा. मलपृष्ठाच्या आत दिलेली इतर अंकांची यादीही बोलकी असते : तुमच्या अंकाच्या क्रमांकापेक्षा बरेच पुढचे क्रमांक तिथे असतील, तर ती पुनर्मुद्रित प्रत. बारकोड असेल तर प्रश्नच मिटला. पुनर्मुद्रणं ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : प्रेसिंग म्हणजे इस्त्री का? घरी करता येईल का? आणि जुना सेलोटेप काढावा का?
— वाचक, कुर्ला

उत्तर : घरी करू नका. प्रेसिंगमध्ये अंकाला मोजून ओलावा देतात, मग पानांमध्ये योग्य कागद घालून ठरावीक उष्णतेत आणि दाबाखाली ठेवतात, आणि दाबाखालीच थंड होऊ देतात. घरच्या इस्त्रीत उष्णता एकसारखी नसते. मुखपृष्ठाची चमक मऊ पडून आतल्या पानाला चिकटते, पिनांचे ठसे उमटतात, आणि ओलावा जास्त झाला तर घडी फुगते. सीजीसीची भगिनी कंपनी सीसीएस हे काम करते. नुसतं प्रेसिंग आणि कोरडी स्वच्छता सीजीसी दुरुस्तीत मोजत नाही.

प्रेसिंगचा खर्च कुठे करावा? शाई न तुटलेल्या दबलेल्या खुणा, बोटांचे खळगे, थोडं वळलेलं मुखपृष्ठ, यांना. गंज, डाग, फाट, तुटलेली शाई, पिवळेपणा यांना त्याचा काही उपयोग नाही. कागद वाकवताना कडेचे कण झडत असतील, तर अशा ठिसूळ अंकाला प्रेसला लावूच नका.

सेलोटेप ओढू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरलेला असतो आणि टेपबरोबर शाईचा थर निघतो. हेअर ड्रायरनं गरम करून काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्यानं डिंक पातळ होऊन आणखी आत जातो. पंधरा हजारांच्या आतल्या अंकावर टेप आहे तसा राहू द्या. त्याहून मोलाचा अंक असेल तर कागदाचं संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. रसायन वापरून केलेली स्वच्छता मात्र लेबलवर नोंदली जाते, हे आधी लक्षात घ्या.

प्रश्न : पाच अंक पाठवायचं नक्की केलं आहे. मुंबईहून पाठवताना काय काळजी घ्यावी?
— वाचक, मुलुंड

उत्तर : पाचांवर थांबू नका, शक्य असेल तर ओळखीच्या दोन-तीन संग्राहकांचे अंक एकत्र करून दहा-पंधरांचं पार्सल करा. कुरियरच्या खर्चातला मोठा भाग पार्सलमागे असतो, अंकामागे नाही. कुणाचा अंक कोणता, याची छायाचित्रांसह यादी सगळ्यांच्या सहीनं करून ठेवा.

कंपनीकडे थेट पाठवायचं तर सभासदत्व लागतं, नाहीतर अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवावं लागतं. अर्जात अंकाची किंमत खरी लिहा. शुल्काचा टप्पा फसवण्यासाठी कमी लिहिली तर कंपनी तो वरच्या टप्प्यात टाकते, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच कमी किमतीवर मोजली जाते. कुरियरच्या विम्याच्या अटी सही करण्याआधी वाचा. संग्राह्य वस्तू त्यातून वगळलेल्या असतात का, तेवढं एक कलम शोधा.

बांधणी अशी करा. प्रत्येक अंक वेगळ्या पॉलिप्रॉपिलिन पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. पिशवीचं तोंड दुमडून टेप मागच्या बाजूला लावा, आणि टेपचं टोक दुमडून ठेवा म्हणजे तिकडे टेप ओढून काढताना तो अंकाला चिकटणार नाही. घडीची बाजू आलटून पालटून अंक रचले की गठ्ठा सपाट राहतो. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना अंकापेक्षा दोन बोटं मोठे नालीदार पुठ्ठे, भोवती टेप, पण दाबून नाही. सगळ्यावर एक प्लास्टिकची पिशवी, कारण जून ते सप्टेंबरमध्ये पार्सल कुठल्या तरी अंगणात भिजणारच, असं धरून चालायचं. हा गठ्ठा पाच पदरी खोक्यात, सहा बाजूंनी निदान पाच सेंटीमीटर भरण ठेवून. खोकं हलवलं तर आत काही सरकता कामा नये. रबरबँड आणि स्टेपलर वर्ज्य.

सीमाशुल्काच्या कागदावर ‘वापरलेली छापील कॉमिक्स, तपासणीसाठी, परत येणार’ असं स्पष्ट लिहा आणि प्रत्येक अंकाचं नाव, क्रमांक, किंमत यांची यादी जोडा. कुरियरची पावती, ही यादी आणि छायाचित्रं जपून ठेवा. परत येताना हेच कागद दाखवून माल मुळात इथूनच गेला होता हे सिद्ध करायचं असतं. ते नसतील तर तो नवी आयात समजला जातो. टपालानं पाठवणार असाल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात अमेरिकेसाठीचे त्या आठवड्यातले नियम विचारून मगच खोकं बंद करा.

अंक विकायचेच असतील तर ते परत आणू नका. ग्रेडिंगनंतर तिथल्याच लिलावगृहाला किंवा विक्रेत्याला थेट द्यायची सोय होते का ते आधी ठरवा. परतीचा खर्च आणि परतीच्या प्रवासातला धोका, दोन्ही वाचतात.

प्रश्न : एक जण स्लॅब केलेला अंक स्वस्तात देतो आहे. स्लॅब आहे म्हणजे डोळे झाकून घ्यावा का?
— वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. अंक, ग्रेड, पानांचा रंग आणि तिथे छायाचित्र असेल तर ते, सगळं हातातल्या प्रतीशी जुळवून पाहा. फक्त क्रमांक जुळणं पुरेसं नाही : डबी उघडून आत हलक्या दर्जाची प्रत घालून पुन्हा बंद केल्याचे प्रकार २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत उघडकीला आले आहेत. छायाचित्रात एखादी ठळक खूण, एखादी सुरकुती किंवा पिनेची तिरकी बसण, शोधा आणि तीच खूण डबीत आहे का पाहा. डबीच्या कडा पांढुरक्या, खरवडलेल्या किंवा कोपऱ्यात तडकलेल्या असतील तर घेऊ नका. आत इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती दोन प्लास्टिकचे थर एकमेकांना टेकल्यानं दिसतात.

प्रश्न : स्लॅबमधला अंक पावसाळ्यात सुरक्षित राहतो ना?
— वाचक, दादर

उत्तर : अंगठ्याच्या ठशांपासून आणि दुमडण्यापासून राहतो, दमटपणापासून नाही. डबी हवाबंद नसते. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि ती हळूहळू आत पोचते. मग पिना गंजतात, पान लाटेसारखं होतं.

स्लॅब उभे ठेवा, एकावर एक रचू नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, विशेषतः पश्चिमेकडची भिंत, पाऊस तिथे मुरतो. झाकणाला रबरी पट्टी असलेला २५ लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, इतकं पुरतं. काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान हवा. चाळिशीच्या खालीही नको, जुना कागद ठिसूळ होतो. सिलिकाचे दाणे रंग बदलतात तेव्हा ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावर परत घाला. डबा भर पावसात बंद करू नका. कोरड्या दिवशी, किंवा वातानुकूलित खोलीत अंक रात्रभर राहिल्यावर सकाळी तिथेच बंद करा, नाहीतर आतली ओलच कोंडली जाते.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ कागदावर आणि प्लास्टिकवर बसते आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे फोल्डरही नकोत. उघड्या अंकांसाठी पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि मशीद बंदरच्या पॅकिंगच्या दुकानांत किलोवर मिळतात. अंकाची रुंदी आणि उंची मोजून घेऊन जा, दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त सैल नको. त्या पिशव्या पाच-सात वर्षांनी बदलाव्यात, पिवळट किंवा चिकट वाटल्या तर त्याआधीच. मायलर (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) मिळालं तर उत्तम. महाग असल्यानं ते पाच हजारांच्या वरच्या अंकांपुरतं वापरा.